शेवंतीची पागा

एका राज्यात घोडे बसत नसत. उभ्यानं खात, उभ्यानं डुलक्या घेत आणि एक दिवस उभ्या उभ्याच कोसळून मरत. तुम्ही म्हणाल, घोडा उभ्यानंच झोपतो, त्यात नवल ते काय? अहो, ती नुसती डुलकी! घटकाभर तरी अंग जमिनीला टेकल्याशिवाय घोड्याचा शीण जात नाही. ज्यानं घोडा पाळला असेल त्याला पुसा.

हे अघटित घडलं राजा वज्रकेतूच्या गर्वापायी. त्याच्या दरबारचा नियम होता, महाराज उभे असताना कुणी बसायचं नाही. एकदा परमुलखाचे पाहुणे आले. त्यांच्यापुढे पांढरा घोडा दोन प्रहर नाचवला. जागच्या जागी दुडक्या चालीचा ताल, मग आडवी पावलं, मग मागल्या पायांवर तोल. अखेर घोडा दमला आणि खाली बसला. राजा तेव्हा उभा होता.

"आम्ही उभे आणि जनावर बसतं? उठवा त्याला!"

चाबूकस्वार हैबतीनं हुकूम मानला, चाबूक ओढला. घोडा उठला, चार पावलं चालला आणि गतप्राण झाला. पाहुण्यांत एक मांत्रिक होता. तो म्हणाला, "राजा, तुझा नियम मी पुरा करतो. आजपासून तुझ्या राज्यात एकही घोडा बसणार नाही."

तीन महिन्यांत पागा ओस पडली. उरली एकटी शेवंती घोडी. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा हैबतीनं तिला वाटीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्याच्या पोटी लेकरू नव्हतं. होती ती हीच. आता तिच्या बरगड्या वर आल्या, गुडघे लटपटू लागले आणि म्हाताऱ्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

एके सकाळी घोडीच्या पाठीवर साळुंकी येऊन बसली आणि बोलली, "हैबतीबाबा, रडून काय होणार? नवी पागा बांध, नवं रिंगण आख. तीन कामं आहेत. तिन्ही साधली तर शेवंती बसेल, शाप सुटेल. एक जरी चुकलं तर सातव्या दिवशी ती जाईल."

"पहिलं सांग."

"जागा तू निवडायची नाहीस, राजानंही नाही."

नव्या पागेचं कळताच राजाचा हुकूम आला, पागा आमच्या सज्ज्यातून दिसली पाहिजे. हैबतीनं हात जोडून निरोप धाडला, "महाराज, ही पागा बघायला नाही, राहायला आहे." मग शेवंतीचा लगाम काढून तिला मोकळी सोडली. घोडी धडपडत दोन दिवस राजधानीभोवती फिरली. तिनं राजवाड्याकडची बाजू टाळली, नदीकाठची ओल टाळली आणि मुरमाड माळावर थांबली. तिथं पाऊस पडला तर पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाई. तिनं खुरानं जमीन उकरली, तसे चार खांब उगवून वर आले. बाकीचं हैबतीनं बांधलं. दार रुंद, छप्पर उंच आणि भिंती छातीइतक्याच, म्हणजे घोडीला मान काढून चहूकडे पाहता यावं.

"दुसरं सांग."

"रिंगणाला बोलक्या नदीची वाळू हवी."

नदी म्हणाली, "वाळू नेशील तेवढी ने. बदल्यात तुझ्या हाताची सवय दे."

हैबतीला उमगलं. तीस वर्षं मुठीत राहिलेला चाबूक त्यानं पाण्यात टाकला. चाबकाची विरोळी झाली, बिनविषारी पाणसाप, आणि ती पोहत निघून गेली. वाळू आणून त्यानं रिंगणात चार बोटं जाड पसरली. कमी पडली तर खुरांना हादरा बसतो, जास्त झाली तर पायाच्या शिरा ताणतात. तोवर सहा दिवस सरले होते.

"तिसरं सांग, बाई. लवकर सांग."

"घोडा एकटा बसत नाही. कळपातला एक जण उभा राहून राखण करतो, तेव्हा बाकीचे टेकतात. तिला राखणदार हवा."

"मी उभा राहतो की!"

"तू नाही. ज्यानं नियम केला, त्यानं."

राजाला हे सांगणं म्हणजे मानेवर सुरी ओढून घेणं. पण सातवा दिवस उजाडला होता. तो तडक दरबारात गेला.

"महाराज, त्या दिवशी हुकूम तुमचा होता, हात माझा होता. माझं अर्धं पाप मी नदीत टाकून आलो. उरलेलं अर्धं तुमच्यापाशी आहे. तुम्ही उभं राहून राखण केलीत, तरच शेवंती बसेल. माझी लेक मरते आहे हो!"

राजा सिंहासनावरून उतरला. मग त्यानं जोडे काढले आणि अनवाणी माळावर आला.

भर दुपारी राजा पागेच्या दाराशी उभा राहिला. शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. ऊन भाजू लागलं, राजाच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. प्रधानानं आसन पुढं केलं, राजानं नुसती मान हलवली. घोडीनं एकदा गुडघे वाकवले आणि भिऊन पुन्हा ताठ झाली. राजा जागचा हलला नाही. मग तिनं हळूच अंग टाकलं, मान लांबवली आणि डोळे मिटले. हैबती तोंडात पंच्याचा बोळा कोंबून रडला.

थोड्या वेळानं तो राजाजवळ गेला. "महाराज, शाप सुटला. आता टेका."

राजानं वळून पाहिलं नाही. "हळू बोल," तो म्हणाला, "ती झोपली आहे."

दिवस कलताना शेवंती उठली. तिनं अंग झाडलं, रिंगणात उतरली आणि लगामावाचून, आपल्या खुशीनं ताल धरला. त्यानंतरच राजा खाली बसला, तिथंच, मातीत. पुढं पागा भरली, दरबारचा तो नियम मोडला. शेवंतीला विसावा मिळाला, तसा दमल्याभागल्या सगळ्यांना मिळो.