नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही

कोण्या एका गावात भागोजी नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा म्हणजे असा, की कोणी "जरा डोळा लागला होता" म्हटलं, तर कुणाचा लागला आणि फार लागला का, अशी काळजीने चौकशी करायचा. पण एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. ते कुठे वापरायचं, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसे.

या भागोजीचं लग्न झालं, आणि त्याच उन्हाळ्यात त्याला तालुक्याच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला. सासरे किसनमामा सरळ बोलणारे. त्यांनी मांडवातच सांगून टाकलं, "जावईबापू, वर्षाच्या परीक्षेत पास झालात तर लेक तुमच्याच घरी राहील. नापास झालात तर लेक परत माझ्या घरी, पास होईपर्यंत." भागोजी म्हणाला, "बरं." द्वारकेला कोणी विचारलं नाही. तिला नवरा आवडला होता.

लग्नात आणखी एक गोष्ट झाली. त्याच्या बहिणीने उंबऱ्यावर वाट अडवली आणि भागोजीला म्हणाली, "नाव घे." भागोजीने आपलं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं. मग गाव. बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या, तेव्हा द्वारकेने मागून हळूच एक उखाणा त्याच्या कानात सांगितला आणि तो त्याने खणखणीत म्हटला:

"खडू पांढरा, फळा काळा,
द्वारकेचं नाव घेतो, भरली आमची शाळा."

पुढे द्वारकेची पाळी होती. पण तेवढ्यात मांडवात बैल शिरला आणि सगळ्यांची पळापळ झाली. तिचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. तेव्हापासून ती नुसतं "अहो" म्हणायची.

तालुक्याला अंबूताईंच्या घरात त्यांनी एक खोली घेतली. विद्यालय सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सराव पाठ सुरू झाले, तेव्हा खांबेटे सरांनी सांगितलं, "शिक्षकाने मुलांकडे कधी पाठ करू नये. पाठ केली की वर्ग हातचा गेला."

भागोजीला हे फार पटलं. परक्या मुलांकडे पाठ करायची नाही, तर घरच्या माणसाकडे कशी करायची? दुसऱ्या दिवशी द्वारका निरोप द्यायला दारात उभी राहिली, तर हा तिच्याकडे तोंड करून उलटा चालत निघाला. पायरी उतरला. अंगण ओलांडलं. अंगणात अंबूताईंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. भागोजी थेट कुरडयांवर जाऊन बसला.

अंबूताई काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. द्वारकेने त्याच्या पाठीवरच्या कुरडया सोडवल्या आणि म्हणाली, "अहो, चालताना माणसाने आधी खाली बघावं."

"चुकलंच माझं," भागोजी म्हणाला. "आता खालीच बघेन."

त्या दिवशी विद्यालयाशेजारच्या शाळेत त्याचा चौथीच्या वर्गावर सराव पाठ होता. शिकवताना वर्गात फिरायचं असतं. भागोजी फिरला, आणि फिरणं म्हणजे चालणंच, म्हणून पूर्ण वेळ खाली बघून फिरला. फरशी स्वच्छ होती. मुंगीसुद्धा पायाखाली आली नाही. धडा संपवून त्याने मान वर केली, तर वर्गात एकही मूल नव्हतं. मुलं केव्हाच आवारातल्या चिंचेखाली पोहोचली होती.

खांबेटे सरांनी विचारलं, "तुम्ही तासभर केलंत काय?"

"धडा सांगितला, सर. सगळा सांगितला."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अहो, आपण सांगत सुटायचं नसतं. प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्याच्या तोंडून काढून घ्यायचं. बरोबर आलं की शाब्बास म्हणायचं."

"चुकलंच माझं," भागोजी म्हणाला. "आता काढूनच घेईन."

संध्याकाळी द्वारका दारात तांदूळ निवडत होती. आत स्टोव्हवर दूध होतं. भागोजी स्टोव्हपाशी बसला होता. दूध कडेने हलायला लागलं, फुगायला लागलं. द्वारकेला सांगायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्याने स्वतःला आवरलं.

"द्वारके," तो म्हणाला, "दूध तापलं की काय होतं?"

"उतू जातं," ती सुपातून मान वर न करता म्हणाली.

"शाब्बास. आणि उतू गेलं की कुठे जातं?"

"स्टोव्हवर."

"शाब्बास. मग आता आपल्या दुधाचं काय झालं असेल?"

द्वारका सूप टाकून धावली, तोवर उत्तर सगळं बाहेर आलं होतं. रात्री दोघांनी काळा चहा घेतला. ती रागावली नाही. तिने त्याला नीट समजावलं, की असं काही उकळून वर यायला लागलं तर बोलत बसायचं नाही, सरळ पाण्याचा हबका मारायचा.

"चुकलंच माझं. आता हबका मारेन."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातच शिपायाने त्याला बाजूला घेतलं आणि कुजबुजला, की जरा जपून, हेडमास्तर सकाळपासून नुसते उकळताहेत. भागोजीने आत डोकावून बघितलं. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला होता आणि ते खुर्चीतून वर यायला लागले होते. वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. कोपऱ्यातल्या माठातून त्याने तांब्या भरला.

या प्रकरणानंतर खांबेटे सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण वार्षिक पाठ जवळ आला होता. बाहेरून परीक्षक येणार होते. सरांना किसनमामांची अट ठाऊक होती; भागोजीनेच ती साऱ्या विद्यालयाला सांगितली होती. शेवटी सरांनी त्याला बोलावलं.

"भागोजी, बाकी सगळं विसरा. एकच लक्षात ठेवा. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारायचा. थोडं थांबायचं. मग नाव घ्यायचं."

भागोजीचे कान लाल झाले. "नाव घ्यायचं? वर्गात?"

"मग कुठे, बाजारात?"

"परीक्षकांच्या देखत?"

"त्यांच्या देखत तर घ्यायलाच हवं. त्याला गुण असतात. आणि ज्याचं नाव घेतलं त्यानेच उत्तर द्यायचं. नाव घेतल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही."

घरी येऊन त्याने द्वारकेला सांगितलं, की नाव घेतल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, असं सर म्हणाले. ती म्हणाली, बरोबरच आहे. नाव कुणाचं घ्यायचं, हे सांगायला मात्र तो लाजला.

वार्षिक पाठ 'पाण्याची रूपं' या धड्यावर होता. मागच्या बाकावर परीक्षक, खांबेटे सर आणि हेडमास्तर बसले. भागोजीने विचारलं, "पाणी तापलं की त्याचं काय होतं?" हेडमास्तर गुपचूप भिंतीकडे सरकले.

भागोजी थोडा थांबला. मग हात जोडून, खाली बघून म्हणाला:

"खडू पांढरा, फळा काळा,
द्वारकेचं नाव घेतो, भरली आमची शाळा."

खांबेटे सरांनी डोळे मिटले. पण त्या वर्गात द्वारका नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती टुणकन उठली आणि म्हणाली, "वाफ होते."

"शाब्बास," भागोजी म्हणाला.

त्याला उखाणा एकच येत होता. त्यामुळे सगळ्या प्रश्नांना द्वारकाच उठली, आणि तिची सगळी उत्तरं बरोबर आली. चौथ्या प्रश्नापासून वर्गही उखाणा म्हणायला लागला. परीक्षक बरीच वर्षं तेच तेच पाठ बघून कंटाळलेले होते. ही नवीन पद्धत कुठली, असं त्यांनी विचारलं. खांबेटे सर म्हणाले, "आमच्याकडची." भागोजी पास झाला.

तो घरी आला, तर ओट्यावर किसनमामा बसले होते. द्वारका गिरणीत गेली होती. मामांनी विचारलं, "जावईबापू, काय लागला निकाल?"

भागोजी बोलणारच होता, पण थबकला. जावईबापू हे काही नाव नव्हे. मामांना तीन जावई होते. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

मामांनी पुन्हा विचारलं. भागोजी गप्पच. मामा समजायचं ते समजले. द्वारका आली तेव्हा ट्रंक भरून तयार होती. तिने घाबरून विचारलं, "अहो, काय झालं?" अहो हेही नाव नव्हे. द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ते पुसत मामांच्या मागून स्टँडकडे निघाली, आणि भागोजी त्यांच्या मागून.

एसटी लागलेली होती. ट्रंक सीटखाली गेली. द्वारका खिडकीशी बसली, शेजारी मामा. खाली भागोजी उभा होता, अजून तोंडावर बोट ठेवून, आणि बोटामागे चक्क हसत होता. द्वारकेने ते बोट बघितलं. बघता बघता तिला काहीतरी आठवलं. तिने डोळे पुसले, खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "पास झालात की नापास?"

मग ती थोडी थांबली. सगळा स्टँड बघत होता. लग्नात राहिलेलं ते, ती सगळ्यांच्या देखत म्हणाली:

"पानात वाढला भात, भातावर तूप,
भागोजीरावांचं नाव घेते, का राहिलात चूप?"

"पास," भागोजी म्हणाला.

गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी कपाळाला हात लावला आणि मग हसत म्हणाले, "उतर पोरी. मला आता याच गाडीने परत जाऊ दे. ट्रंक जावईबापू घेतील उतरवून." द्वारका उतरली. भागोजी चढला. त्याने सीटखालून ट्रंक ओढून काढली आणि मांडीवर घेऊन क्षणभर दम खायला बसला.

तेवढ्यात कंडक्टरने विचारलं, "उतरायचं राहिलंय का कोणी?"

प्रश्न साऱ्या गाडीला होता. भागोजी थोडा थांबला. कंडक्टरने नाव काही घेतलं नाही. भागोजीने तोंडावर बोट ठेवलं.

घंटी वाजली. मामा म्हणाले, "अहो, उतरा की. उतरा ना जावईबापू." गाडी फाटकातून बाहेर पडली.

स्टँडवर द्वारका घाईघाईने दुसरा उखाणा जुळवत होती. भागोजी ट्रंक कडेवर घेऊन धडपडत मागच्या काचेपाशी गेला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. माहेर येईपर्यंत त्याने बायकोकडे पाठ केली नाही.