एका पायावरचे बगळे

तळ्यांवर माणसांची मालकी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावर बगळ्यांच्या मठाचं राज्य होतं. म्हातारे महंत वारले आणि त्याच आठवड्यात बांधाला भोक पडलं. मठाचा रिवाज असा, की गादी ठरेपर्यंत बगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं. जो शेवटपर्यंत टिकेल तो महंत.

बेडकांचे अंदाज सुरू झाले. "लांबमान्याच बसणार, लिहून ठेव!"

"हट्! त्याचा गुडघा बघ, लटपटतोय."

तेवढ्यात धाकटं कासव धापा टाकत आलं. "माझ्या दादानं भोकात स्वतःला कोंबून घेतलं होतं. मेला तो. आता पाणी त्याच्या बाजूनं वाहतंय. दगड लावायला चला ना!"

"पाय टेकला तर गादी गेली, बाळा," लांबमान्या डोळे मिटूनच म्हणाला. "महंत ठरू दे, मग हुकूम निघेल."

"आणि तुम्ही रे?" कासवानं बेडकांना विचारलं.

"थांब जरा! आत्ता कुठं रंगात आलंय."

"कोण बसणार ते मी सांगतो," कासव ओरडलं. "कोणीही बसा, चिखलात बसाल!"

ते एकटंच बांधाकडे वळलं. बेडूक पुन्हा बगळ्यांचे गुडघे निरखू लागले. पाणी त्यांच्या पोटाखालून केव्हाच सरकलं होतं.