दुपारचे आकडे

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या गावात बशीर नावाचे एक वृद्ध मिस्त्री राहत होते. चाळीस वर्षे त्यांनी फ्रीज आणि एसी दुरुस्त केले. पुढे थंडीसाठी बंगल्यांमधून हीट पंप बसू लागले, तेव्हा साठी उलटल्यावर ते तेही शिकले. हा पंप स्वतः उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या गार हवेतही जी थोडी ऊब उरलेली असते, ती ओढून तो घरात आणून सोडतो.

शर्वरी त्यांची शिष्या. पदविका घेऊन आलेली, बुद्धीने तल्लख, कामात प्रामाणिक. एका संध्याकाळी ती उतरलेल्या चेहऱ्याने त्यांच्याकडे आली.

"चाचा, सामंतांच्या बंगल्यातला पंप मला उलगडत नाही. पहिला हिवाळा छान चालला. दुसऱ्यापासून रात्री खोलीच तापत नाही. आधीच्या मिस्त्रीनं गॅस भरला, उपयोग नाही. मी तीनदा जाऊन आले. दाब बरोबर, तापमान बरोबर, पंखा बरोबर. शेवटी कॉम्प्रेसर बदला असं लिहून दिलं."

"मग उदास का?"

"सामंत सर अर्धांगानं अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या, नवा भाग येईपर्यंत हिवाळा पुण्याला भाचीकडे काढू. त्यावर सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खिडकीतून दरी दिसते ना, तेवढंच राहिलंय त्यांच्यापाशी. चाचा, माझं निदान चुकलं असेल तर त्यांचं घर मी उगाच सोडायला लावीन."

चाचांनी विचारले, "तू केव्हा गेली होतीस?"

"दुपारी. धुकं विरल्यावर."

"मग उद्या उशिरा जाऊ," चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ते तिच्याबरोबर निघाले. बंगल्यापाशी पोहोचताच शर्वरीने अवजारांची पेटी उचलली. ते म्हणाले, "राहू दे गाडीत."

ते सरळ सरांच्या खोलीत जाऊन बसले. पंपाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मालिनीबाईंनी चहा केला. सर एके काळी भूगोल शिकवत, म्हणून चाचांनी त्यांना दरीतल्या ओढ्याचे नाव विचारले. सर अडखळत, शब्द जुळवत सांगू लागले. एक तास गेला. शर्वरी सारखी घड्याळाकडे बघत होती. एका माणसाचा हिवाळा पणाला लागलेला, आणि चाचा दुसरा कप मागत होते.

सूर्य डोंगराआड गेला आणि हवेत गारवा चढू लागला. मालिनीबाई उठल्या. त्यांनी सरांच्या अंगावर शाल नीट केली, कानटोपी ओढली. मग तारेवर वाळत घातलेली जाड गोधडी घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या. चाचा हळूच त्यांच्या मागे निघाले, आणि त्यांच्या मागून शर्वरी.

बाईंनी ती गोधडी पंपाच्या बाहेरच्या यंत्रावर पांघरली. लेकराला गुरफटावे तशी चहूबाजूंनी खोचली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर वीट ठेवली. आतल्या पंख्याचा आवाज कोंडला.

शर्वरीच्या ओठांवर शब्द आले होते. चाचांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बाई, हे रोज करता?"

"रोज. पहिला हिवाळा सरता सरता एकदा पहाटे पाहिलं, तर याच्या अंगावर पांढरं हिव साचलेलं. आमच्यासाठी बिचारं रात्रभर राबतं आणि स्वतः उघड्यावर! मला नाही बघवलं. सकाळी काढते आणि उन्हात टाकते."

चाचांनी गोधडी उचलून हातावर घेतली. मोकळा होताच पंखा भरभर फिरू लागला. "इथं हात धरा. वारा कसा लागतो?"

"गार. बाहेरच्यापेक्षाही गार."

"यातली ऊब त्यानं काढून सरांकडे पाठवली. हवा हेच त्याचं अन्न. तोंड झाकलं तर ते घेणार कुठून? थोडं हिव धरतं, पण ते त्याचं तेच वितळवतं."

मालिनीबाईंचा हात तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस यांना मीच गारठवलं?"

चाचांनी नजर वळवली नाही. "वाट गोधडीनं अडली, हे खरं. खोटं नाही सांगत. पण संध्याकाळी या घरात काय होतं, हे विचारणं आमचं काम होतं. आमच्यापैकी कुणी विचारलं नाही."

तासाभरात खोली उबदार झाली. सरांनी धडधाकट हात शालीबाहेर काढला, कानटोपी मागे सारली आणि पलंगाच्या कडेवर थोपटत म्हणाले, "मालू, बस इथं." बाई बसल्या. मग मात्र त्यांना रडू आवरले नाही, आणि सरांचा हात त्यांच्या पाठीवरून फिरत राहिला.

परतीच्या वाटेवर शर्वरी म्हणाली, "तिन्ही दुपारी ती गोधडी मी तारेवर पाहिली होती. तिच्याखालून वाकून पंपाकडे गेले होते. माझे आकडे चुकलेच कसे?"

चाचा म्हणाले, "आकडे चुकले नाहीत, बेटा. दुपारी विचारलंस, त्यांनी दुपारचं खरं सांगितलं. पण सरांना थंडी वाजत होती रात्री. दुखणं ज्या वेळचं, त्या वेळी जवळ बसावं लागतं. आणि घरातलं यंत्र एकटं कधीच नसतं. कुणी त्याच्यावर रागावतं, कुणी त्याच्यावर माया करतं. दोन्हींचा त्याच्या चालण्यावर परिणाम होतो. रागाची खूण चटकन दिसते. मायेची दिसत नाही, कारण तिच्यावर कुणी संशय घेत नाही."

"आणि मला का थांबवलंत?"

"तू बोलली असतीस ते बरोबरच होतं. पण कळायचंच होतं, तर त्यांच्या स्वतःच्या हाताला कळू दे म्हटलं."

घाट संपल्यावर शर्वरीने सामंतांकडे फोन लावला. कॉम्प्रेसरचा कागद रद्द समजा, माझी पाहणी अपुरी होती, असे सांगून तिने माफी मागितली.

त्यानंतर ती नव्या घरी गेली की पेटी उंबऱ्याशी ठेवते, घरातल्यांजवळ बसते आणि म्हणते, "सकाळपासून रात्रीपर्यंत तुमचा दिवस कसा जातो, सांगाल?" मग ते सांगतात, आणि ती मधे न बोलता ऐकते.