खारीची ढोली

जंगलातील प्राणी वर्षातून एकदा कलाफेरीला निघत, त्या काळची ही गोष्ट. प्रत्येक झाडाने आपल्याकडील कारागिरी मांडावी आणि सर्वांनी ती पाहत पुढे जावे, अशी रीत होती. एका वर्षी खारीने बुंध्यातील आपल्या लहानशा ढोलीत कुंभारीण माशीचे मातीचे घरटे मांडले. ते आजवर कोणी निरखून पाहिलेच नव्हते.

फेरीचे प्रमुख वानरराव म्हणाले, "खारूताई, इथे एका वेळी एकच मान आत जाईल. वडाखाली शंभर जण मावतात. यंदा तुमची ढोली वगळू या."

"एकेकालाच येऊ द्या, पण वगळू नका," खार म्हणाली. "या कुंभारणीने चिखलाचा एकेक गोळा तोंडात धरून आणला आहे."

वानररावांनी नाइलाजाने रांग लावली. वडाखाली मोर पिसारा फुलवून स्वतःच मिरवला होता. इथे पिसारा मिटूनच त्याला वाकावे लागले. बराच वेळ त्याची मान बाहेर येईना.

"मोरोबा, झोप लागली का?" मागून सशाने विचारले.

"गोळ्यांचे सांधे शोधत होतो," मोर बाहेर येत म्हणाला, "एकही सापडला नाही." आणि तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

तेव्हा कुंभारीण घरट्याच्या कडेवर जाऊन ताठ बसली, पुढच्या पाहुण्याला आपणही दिसावे म्हणून.