हौसाची पाटी

एका राज्यात, डोंगर उतरून जिथे समुद्राला भेटतो तिथे, एक राजा होता. त्याला माणसांच्या गप्पांचा भारी वैताग. जो तो "सहज आलो होतो" म्हणत वाड्यात शिरे. राजा मांत्रिकाला म्हणाला, "हे बंद कर." मांत्रिकाने मूठभर राख वाऱ्यावर सोडली. तेव्हापासून जो कामाशिवाय दुसऱ्याचा उंबरा ओलांडी, तो दगड होई. त्याला धरील तोही दगड होईल, अशी दवंडी पिटली. दारोदारी दगडी आत्या, दगडी मामा उभे राहिले. हात लावायला कुणी धजेना. त्यांच्या खांद्यांवर शेवाळ चढलं.

त्याच गावात हौसा राजवाड्यासाठी वाती वळी. घरी एकटी. बोलायचं तर वातींशीच. एक दिवस तिने डोकं चालवलं. काम असलं की उंबरा मोकळा आहे ना? मग कामच काढू! वाती वळून झाल्या की भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती निघे. "जुनं लुगडं द्या, भांडं घ्या!" आलेली लुगडी धुऊन, सांधून पलीकडच्या आळीत विके. जाता जाता कुणाची गळकी घागर बुजवी, कुणाच्या विळीला धार लावी. घासाघीस मात्र मुद्दाम लांबवी. सौदा संपला की पाय जड होऊ लागत, मग निघावंच लागे.

आळीच्या टोकाला ठकूमावशी राहत. सोबतीला एक बोलका पोपट. हौसा त्यांच्याकडे तीनदा गेली.

पहिल्यांदा लुगडं निघालं. "एवढ्याशा वाटीला अख्खं लुगडं? लुटायला निघालीस का गं?"

"मावशी, या लुगड्यातून पलीकडचा सूर्य दिसतोय."

त्या सूर्यावर दोघींनी अर्धा प्रहर काढला. दुसऱ्यांदा घागर बुजवली. तिसऱ्यांदा मावशींनी पोपटच पुढे केला. "द्यायला आता एवढाच उरलाय. पातेलं दे."

मग हौसाला तिथे जायला निमित्तच उरलं नाही. रोज पाटी त्या दारावरून पुढे जाई, आणि आत खोकला ऐकू येई.

एका सकाळी पोपट जुन्या घरावरून उडून आला आणि हौसाला म्हणाला, "मावशी दोन दिवस उठल्या नाहीत. पातेलं रिकामं आहे. दाराकडे बघतात."

हौसाने पाटी उतरवली. कामाचं सोंग मंत्राला चालत नसे आणि विचारपूस त्याच्या लेखी काम नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ती रिकाम्या हातांनी गेली आणि तिने उंबरा ओलांडला.

"कशाला आलीस?" अंथरुणातून मावशी ओरडल्या.

"काही नाही. बसायला आले."

घोटे दगड झाले. गुडघे दगड झाले.

"वेडी का तू? जा मागे!"

"आता कुठली जातेय, मावशी?"

मावशी सरपटत आल्या. त्यांनी हौसाचा हात घट्ट धरला. "होऊ मग दोघी दगड. शेजारी शेजारी तरी असू."

दगड होणाऱ्याला कुणी न भिता धरणं, मंत्राला एवढीच एक तोड होती, आणि मांत्रिकाने ती कुणालाच सांगितली नव्हती. हौसाचे गुडघे सुटले, घोटे सुटले. गावभर शेवाळ झडलं. दगडी आत्या दचकल्या आणि कित्येक वर्षांपूर्वी ओठांवर अडकलेलं वाक्य पुरं करून आत शिरल्या. मांत्रिकाची उरलेली राख चुलीत गेली. त्या संध्याकाळी राजा स्वतः मांत्रिकाच्या दारी गेला, आणि "सहज आलो होतो" म्हणत नुसताच बसला.

हौसाने आधी पेज शिजवली. पुढे धंदाही चालू ठेवला. फक्त पाटी आता दिवसभरात चार घरांपलीकडे जात नसे. ठकूमावशींच्या दारी पोचली की पाटीवर बसलेला पोपट आधीच ओरडे, "लुगडं नाही, घागर नाही, बस गं बाई!"