ओला लेप

पूर्वी शैलपूर नगरात राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य सोमदत्त होऊन जन्मला होता. त्या मुलखात सापांचा सुळसुळाट फार. उतारा एकच, एका वेलीच्या पाल्याचा लेप. तो ओला असेपर्यंतच विष उतरे. वाळला की नुसता पाला. साप चावला की गावोगाव नगारे वाजत आणि निरोप भराभर पुढे जाई. लेप मात्र घोड्यावरूनच यायचा. जाणते वैद्य मोजकेच, त्यामुळे लेपाचे भांडार एकच काढता येणार होते. ते कुठे काढावे, यासाठी सभा भरली.

"पेठेत काढा, महाराज," श्रेष्ठी धनपाल म्हणाला. "सगळ्यांत जास्त माणसं तिथंच राहतात." आपणही तिथेच राहतो, हे त्याने सांगितले नाही.

सोमदत्ताने वाद घातला नाही. पेठेतून एक स्वार लेप घेऊन घाटापलीकडच्या करंजवनाला धाडला. तो पोचेपर्यंत लेपाचा चुरा झाला. मग घाटाच्या पायथ्याहून दोन स्वार निघाले, एक करंजवनाला, एक पेठेला. दोन्हीकडे लेप ओला पोचला. भांडार पायथ्याशी ठरले.

सोमदत्ताचे घर पेठेतच होते. त्याची पत्नी उत्पला नुकतीच नांदायला आली होती. ती फारशी बोलत नसे. पण त्या दिवशी भात वाढताना म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे साप निघाला, तर त्याला जरा ओसरीवर बसवून ठेवायचं?"

"आपल्याकडे लेप उशिरा येईल, पण ओला येईल. करंजवनात तो कधीच ओला आला नसता."

तिने आणखी थोडा भात वाढला.

कापणीच्या दिवसांत सरपण काढताना उत्पलेच्याच हाताला साप डसला. नगारे वाजले. दंडाला पट्टी आवळून सोमदत्त तिच्याजवळ बसला. तिची बोटे काळीनिळी पडू लागली.

"भांडार पेठेत असतं, तर एव्हाना लेप आला असता ना?" तिने विचारले.

"हो."

"तरी पायथाच?"

सोमदत्ताने पट्टीची गाठ पुन्हा चाचपली. "हो," तो म्हणाला.

धनपाल दारातून ओरडला, "अमात्यांना स्वतःचं माणूससुद्धा दिसत नाही!"

इतक्यात टापा वाजल्या. लेपाच्या कडा सुकल्या होत्या. आत तो ओला होता. ऊन उतरता उतरता उत्पलेने डोळे उघडले. धनपाल अजून दारातच होता.

"दिसतं हो त्यांना," ती पुटपुटली. "घाटापलीकडचंही माणूस दिसतं."

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, पूर्वजन्मीची ओळख पटवली. त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद, धनपाल म्हणजे देवदत्त, उत्पला म्हणजे राहुलमाता, आणि अमात्य मीच होतो. जी सर्वांत दूरच्या माणसापासून मोजायला लागते आणि आपल्या दाराशी येऊनही माप बदलत नाही, तिला करुणा म्हणतात.