फोनचा वायसर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक ज्ञानी वृद्ध राहत असे. असे वृद्ध रीतीप्रमाणे वटवृक्षाखाली बसतात, दाढी राखतात आणि हळू बोलतात. याला वटवृक्ष मिळाला नव्हता, दाढी तो दर बुधवारी करून घेई, आणि चाळीस वर्षं हापशांच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू कसं बोलावं हे त्याला ठाऊकच नव्हतं. पंचायत समितीच्या आवारात गंजक्या पाइपांचा ढीग होता. त्यावर पोतं टाकून तो बसे. नाव अंबादास, पण सारा तालुका त्याला उस्ताद म्हणे. हापसे दुरुस्त करण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि लोकांची टर उडवण्यात तर तिसराही नव्हता.

त्याची एक शिष्या होती, वनमाला. सहा वर्षं तिने उस्तादाच्या हाताखाली काढली. पाइप उपसणं, सळया जोडणं, चामड्याची चकती, म्हणजे वायसर, तेलात भिजवून बसवणं, असं सगळं शास्त्र तिने आत्मसात केलं, आणि उस्तादाचे टोमणे सहन करण्याची विद्या वर फुकट मिळवली. आता सव्वीस गावांचे हापसे तिच्याकडे होते. पिशवीत पाने-पकडी घालून ती स्कूटीवर निघाली की बायका म्हणत, "आली बाई पाण्याची!"

अशा सुखात असताना वरून फर्मान आलं. येत्या सोमवारपासून तक्रारी मोबाइलच्या ॲपवर येतील, दुरुस्ती झाली की पाणी पडतानाचा फोटो जागेवरूनच पाठवायचा, आणि तीन तक्रारी चुकल्या की काम दुसऱ्याला.

वनमालाकडे बटणांचा फोन होता, रबरबँडने बांधलेला. तो बोले, ऐके आणि विजेरीचं काम करी. फोटो मात्र त्याच्या प्रकृतीला मानवत नव्हते. टेबलामागचे साहेब फार दयाळू होते. ते म्हणाले, "बाई, स्मार्टफोन नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. यादीत दुसरे आहेत."

तिने साठवलेल्या पैशात एकच फोन येणार होता. चुकला तर दुसरा नाही, आणि फोन नाही म्हणजे सव्वीस गावं नाहीत. हे ओझं डोक्यावर घेऊन ती शनिवारी सकाळी बसस्थानकाच्या रस्त्याने गेली. तिथे एका दुकानाच्या काचेआड तिला तो दिसला. पापडासारखा पातळ, मोरपंखी रंगाचा, कडेला काच अशी वळवलेली की बोट आपोआप घसरावं. माणूस प्रेमात कसा पडतो हे थोरामोठ्यांना अजून कळलेलं नाही. फोनच्या प्रेमात मात्र असाच पडतो.

ती उस्तादाकडे गेली. त्यांच्यात रीत होती. नवं हत्यार घेतलं की आधी उस्तादाच्या हाती द्यायचं. तो ते कानाशी नेई, बोटाने वाजवून बघे, आणि मगच ते पिशवीत जाई.

"उस्ताद, संगं चला. फोन घ्यायचाय. हात लावा आणि या."

"मला काय कळतंय त्यातलं? माझा फोन पडला तर फरशी फुटते."

"म्हणूनच. तिथं फार बोलू नका, एवढंच मागणं आहे."

"एक शब्द बोलणार नाही," उस्ताद म्हणाला. उस्तादाला ओळखणारा कोणीही इथेच सावध झाला असता. वनमालाही झाली, पण स्कूटीवर मागे त्याला बसवून झाल्यावर.

दुकानदाराचं नाव विश्वंभर. कोवळं वय, केसांना चोपडलेलं जेल, आणि बोलणं असं की आरशालाही आरसा विकेल. त्याने मोरपंखी फोन मखमलीवर ठेवला.

"ताई, एकदम नवं मॉडेल. मागं चार कॅमेरे."

"चार?" उस्तादाचं मौनव्रत इथे सुटलं. "आमची वनू हापशाचा फोटो काढणार. हापसा एका डोळ्याला बी दिसतो."

वनमालाने कोपराने ढोसलं.

"आजोबा, अंधारातही फोटो येतो!"

"अंधारात हापसा काय करतो ते त्याचं त्याला करू द्या."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, ती खुदकली. वनमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात उस्तादाने फोन हातात घेतला, कानाशी नेला, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "पसंत आहे. बांधून दे."

तिचा चेहरा उजळला.

"पण आधी," उस्ताद स्टुलावर ऐसपैस बसत म्हणाला, "याचा वायसर दाखव."

"काय?"

"वायसर. वायसर काउंटरवर ठेव, मग फोन घेतो."

विश्वंभर हसला. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी हसतात तसा, थोडं मोठ्याने. "आजोबा, हा फोन आहे. यात पाणी नसतं."

"नसू दे. पण झिजतं काय यातलं? जे वापरलं जातं ते झिजतंच. मी झिजलो. तुझे वडील झिजले, मला भेटतात दवाखान्यात. तूही झिजशील. कपाळावरचे केस आत्ताच मागं सरकायला लागलेत."

विश्वंभरचा हात नकळत कपाळाकडे गेला. "आता बॅटरी उतरते कधी कधी," तो म्हणाला. "चार्जिंगचा जॅक ढिला होतो. पडला तर काच जाते."

"म्हणजे तीन वायसर. तिन्ही मांड. तोवर आम्ही चहा घेतो. चहा तुझाच."

आता गिऱ्हाइकं उघड हसू लागली. एकाने तर शूटिंग सुरू केलं. विश्वंभरने आपलं दुकान किती भारी आहे हे दाखवण्यासाठी शहरातल्या माल पुरवणाऱ्याला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. हा मोठेपणा त्याला भोवला.

"त्या मॉडेलची काच?" पलीकडचा आवाज म्हणाला. "मागवावी लागेल. तीन आठवडे धर. बॅटरीचं सांगता येत नाही. आणि दिवाळीला ते मॉडेलच बंद होतंय रे, मग काय मिळतंय? गिऱ्हाइकाला सांग की नवीन घ्यायला. एवढं काय डोकं लावायचं!"

विश्वंभरने घाईने स्पीकर बंद केला. वनमाला मात्र त्याआधीच दुकानाच्या पायऱ्या उतरली होती. ऐकलेलं तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. शिरलं होतं ते लोकांचं हसू.

"उस्ताद, सोमवारी माझं काम जाणार! आणि तुम्हाला गंमत सुचते? सगळ्या दुकानात माझी शोभा केलीत."

उस्ताद पायरीवर बसला. खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. तंबाखू त्याने बारा वर्षांपूर्वी सोडली होती, तरी डबी खिशात असे. तिने ती कधी उघडी पाहिली नव्हती. आत काळ्या रबराची एक चकती होती, मधोमध तडकलेली.

"मी तुझ्याएवढा होतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क खाली आला. "डोंगरवाडीला एकच हापसा मंजूर झाला. दोन प्रकार दाखवले. एक आपला नेहमीचा, जाड, बेढब. दुसरा परदेशी, निळाभोर. दांडा असा हलका, की एका बोटानं दाबावा. सरपंचानं विचारलं, अंबादास, कुठला घ्यावा? मी निळ्याच्या दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, हाच. चौदा महिने असा चालला, की गावानं मला फेटा बांधला. पंधराव्या महिन्यात ही चकती तडकली. एवढीशी चकती, वनू! साऱ्या मुलखात तिच्यासारखी दुसरी नव्हती. मी चामड्याची कापली, टायरची कापली, बसली नाही. दुसरा, नेहमीचा हापसा बसेपर्यंत तीन उन्हाळे तिथल्या बाया ओढ्यात खड्डे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. मी गेलो की कोणी काही बोलायचं नाही. घागर बाजूला घेऊन वाट द्यायच्या."

डोंगरवाडीच्या चौकातला तो लोखंडी खुंट वनमालाला आठवला. त्याला नेहमी शेळ्या बांधलेल्या असत. तो कधीकाळी हापसा होता हे तिला आजच कळत होतं.

"शेळ्यांना मात्र लई मानवला," उस्ताद म्हणाला. त्याला फार वेळ गंभीर राहिलं की ढास लागे. "माणूस वस्तू पसंत करतो ती नटलेली असते तेव्हा. मी तेव्हापासनं तिला आजारी पडलेली बघतो. त्या दिवशी तिच्या उशाशी कोण येणार, किती लांबून येणार, आणि आला तर त्याच्या हातात औषध असणार का? एवढं कळलं, की रंग मग कुठला का असेना. तू ज्यांना पाणी देतेस त्यांना तुझा फोन मोरपंखी आहे का, काय करायचंय?"

तिने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "उठा."

"कुठं?"

"आजारी पडल्यावर जिथं न्यायचा, तिथं."

बसस्थानकाच्या जिन्याखाली निसारचं दुरुस्तीचं खोपट होतं. त्याच्या एका डोळ्याला भिंग, आणि मागे होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे असतात तसे चिमुकले खण, वरपासून खालपर्यंत. उस्तादाने तोंड उघडलं, पण वनमालाने त्याआधी विचारलं.

"निसारभाई, तुमचा सगळ्यात भरलेला खण कुठला?"

निसारने भिंग वर केलं. त्याला लोक रोज एकच प्रश्न विचारत, किती होतील. हा प्रश्न नवा होता. त्याने खालचा एक खण पूर्ण बाहेर ओढला.

"हा. एकाच मॉडेलचं सामान. बॅटरी, जॅक, काच, सगळं आहे. मागचं झाकण स्क्रूवर बसतं. कंपनीचं सेंटर पण इथंच, दवाखान्यासमोर. दिसायला ठोकळा आहे, पण पुन्हा उभा राहतो."

"आणि तो मोरपंखी?"

"तौबा! तो सगळा डिंकानं चिकटवलेला. उघडताना काच तडकली, की गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतं, जसं मी त्याच्या जावयाला मारलं." मग तो जरा पुढे झुकला. "पण ताई, नुसतं सामान मिळून भागत नाही. सरकारी ॲप सारखं बदलतं. कंपनीनं आतले अपडेट बंद केले, की फोन धडधाकट असून ॲप म्हणतं, मी नाही चालणार. किती वर्षं अपडेट देणार ते विचारून घ्या."

उस्ताद निसारकडे बघतच राहिला. "म्हणजे न दिसणारा बी वायसर असतो?"

"असतो ना."

मग उस्ताद चांगलं अर्धं मिनिट गप्प बसला. तालुक्यात असं पूर्वी घडलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

विश्वंभरने त्यांना परत येताना पाहिलं आणि चहाचे कप लपवले. पण आता बोलणारी वनमाला होती. तिने ठोकळा मागितला. तो सर्वात खालच्या फळीवर निघाला, धूळ झटकून वर आला. तिने काच, बॅटरी, जॅक विचारले. मग विचारलं, "अपडेट किती वर्षं?"

त्याने कंपनीचं पान उघडून वाचलं. "सहा वर्षं, ताई."

"बिलावर लिहा. आणि शिक्का मारा."

विश्वंभरने लिहिलं, शिक्का मारला आणि सुस्कारा टाकला. "तुमच्या घरात सगळेच असे आहेत का हो?"

"आम्ही घरातले नाही," वनमाला म्हणाली. "आम्ही हापशावरचे."

तिने फोन उस्तादाच्या हाती दिला. त्याने तो कानाशी नेला, टिचकी मारली. "आवाज भरीव आहे," तो म्हणाला. "आणि कुणावर फेकून मारायला बी कामाचा."

सोमवारी पहिली तक्रार आली, दुपारपर्यंत पाण्याचा पहिला फोटो गेला. टेबलामागच्या दयाळू साहेबांनी यादी परत खणात ठेवली.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात एका हापशाने सळया उपसताना अशी चूळ टाकली, की वनमालाच्या खिशातला फोन नखशिखांत न्हाला. तो वाळला, बोलू लागला, पण सकाळी चार्जच होईना. शेवटचा थेंबभर जीव उरला असताना टिंग वाजलं. डोंगरवाडी. हापसा बंद. हापशाशेजारच्या घरी लग्न, पाहुणे आलेले, घरात हळदीपुरतंही पाणी नाही. तिने वाचलं आणि फोन काळा झाला.

तिने जिन्याखालचं खोपट गाठलं. निसारने खालचा खण ओढून नवा जॅक काढला. तिच्यासाठी मागवलेला चहा निवायच्या आत मागचं झाकण परत बसलं होतं. फोनने डोळे उघडले. उन्हं डोक्यावर येण्याआधी ती डोंगरवाडीला पोचली. वायसर बदलला, चार जणींनी दांडा मारला, आणि पाणी आलं. तिने फोटो काढला. पाण्याची धार, हसणाऱ्या बाया, हळदीच्या हाताची नवरी, आणि मागे कोपऱ्यात एक लोखंडी खुंट, त्याला बांधलेली शेळी.

परतताना ती पाइपांच्या ढिगापाशी थांबली. उस्तादाला फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला, लांब धरून, मग जवळ धरून. नवरीवर एक शब्द नाही, शेळीवरही नाही. वनमालाला काळजीच वाटली.

मग तिने खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर उलटी केली. नखाएवढा, हिरवा पडलेला जुना जॅक.

"किती वेळ लागला?"

"एक चहा."

"तो पण तू निसारच्या खात्यावर प्यालीस ना?"

"तुमचीच शिष्या आहे."

उस्तादाने डबी उघडली. तडकलेल्या चकतीशेजारी तो जॅक ठेवला आणि झाकण दाबलं. मग रीतीप्रमाणे डबी कानाशी नेली आणि हलवून बघितली. इतकी वर्षं त्या डबीत एकटीच चकती वाजत होती. आता दोघं होती. तो तशीच डबी कानाशी धरून ऐकत बसला, आणि वनमाला त्याच्या शेजारी पाइपांवर बसली.